नकाशावरची एक वीत



मागच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही पाच-सहा पालक नेहमीप्रमाणे गाड्यांपाशी रेंगाळलो होतो. मुले पायऱ्यांवर बसून डबे संपवत होती. विषय निघाला डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचा. एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही यंदा गाडीने सलाला करणार. चार दिवस आहेत, आरामात होतं." लगेच दुसऱ्यांनी सांगितले, "मी एकदा चौदा तासांत पोचलो होतो. मधे फक्त पेट्रोलला थांबलो." सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र मला ते फार लागले. त्या रस्त्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी तिथे बोललो नाही. म्हणून संपादक ताईंकडे या अंकात दोन पाने मागून घेतली.

माझे मत आधीच सांगून टाकतो. दुबई-शारजाहून चार दिवसांच्या सुट्टीत मुलांना घेऊन गाडीने सलालाला जाऊ नये. ज्यांना हे पटते त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर वाचावे.

सलाला ओमानच्या अगदी दक्षिणेला, येमेनच्या बाजूला. दुबईहून अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास, कोणत्या नाक्यावरून ओमानमध्ये शिरता त्यावर थोडे कमी-जास्त. मुंबईहून निघालो तर एवढ्या अंतरात आपण जयपूरला पोचू. चार दिवसांची सुट्टी आहे, चला, मुलांना मागे बसवून मुंबईहून जयपूरला जाऊन येऊ, असे आपल्यापैकी कोणी भारतात म्हणेल का? इथे म्हणतो. कारण इथे रस्ता सरळ आहे, गाडी मोठी आहे, आणि वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात दुबई ते सलाला ही फक्त एक वीत भरते.

मीही वीतच मोजली होती. २०१९ च्या ऑगस्टात बकरी ईदची सुट्टी शुक्रवारच्या सुट्टीला जोडून आली आणि पाच दिवस मिळाले. त्या वर्षी आम्ही भारतात गेलो नव्हतो, त्यामुळे पावसाची आठवण सगळ्यांनाच येत होती. सलालाला जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो. पाऊस म्हणजे आपल्यासारखा धो-धो नव्हे. धुके, भुरभुर आणि हिरवे डोंगर. त्या ऋतूला तिथे खरीफ म्हणतात. मुलांनो, आपल्याकडचा खरीप हंगाम तो हाच शब्द. अरबीतून आपल्याकडे आला आणि शेतात रुजला. (डिसेंबरात निघालेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ज्या हिरवळीसाठी सगळे सलालाला धावतात ती तोवर वाळलेली असते.)

तर आम्ही पहाटे चारला निघालो. फोनने तेरा तास सांगितले होते. मी मनात चौदा धरले आणि स्वतःला फार सावध समजलो. सीमानाक्यावर आमच्यासारखीच निम्मी दुबई उभी होती. तिथेच तीन तास गेले. मुलगी तेव्हा तिसरीत होती, मुलगा चार वर्षांचा. त्याला दर तासाला उतरायचे असे, आणि तो रस्ता असा की उतरायला सावली नाही. आदम सोडल्यावर ओमानचे वाळवंट सुरू होते, मधे हैमा नावाचे एक गाव, पेट्रोल पंप, पुन्हा वाळवंट. पाहण्यासारखे काही नाही असे म्हणणे त्या वाळवंटावर अन्याय होईल, पण मागच्या सीटवरच्या दोन मुलांना ते आठ तास दाखवणे हाही अन्यायच. सलालाच्या अलीकडे डोंगर उतरताना धुके इतके दाट झाले की पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते. खोलीवर पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

शनिवार झोपण्यात गेला. रविवारी वादी दरबातचा धबधबा पाहिला, तो शहराच्या पूर्वेला. सोमवारी सकाळी निघायचे ठरले होते. पण मुघसैलचा किनारा पाहायचा राहिला होता. तिथे खडकांतल्या भोकांतून समुद्राचे पाणी उंच उडते. तो किनारा पश्चिमेला, शहरापासून चाळीस किलोमीटर, आणि घरच्या रस्त्याच्या अगदी उलट दिशेला. मी म्हणालो, "एवढे आलोच आहोत तर बघून घेऊ."

सहलींचे निम्मे वाटोळे या एका वाक्याने होते असे माझे ठाम मत आहे. घरी टेबलाशी बसून आखलेला मार्ग शहाणा असतो. "आलोच आहोत तर" ते वाक्य गाडीत जन्मते, आणि त्याची किंमत त्याच दिवशी रात्री चुकवावी लागते.

आम्ही सलाला सोडले दुपारी तीनला. हैमाला रात्री जेवलो. तिथे राहावे असे सौ. म्हणत होती. मी म्हणालो, खोली मिळणार नाही, आणि मला काही झोप येत नाहीये. पहिले कारण मी तपासले नव्हते. दुसरे खरे नव्हते. साधारण दीड वाजता डाव्या कानाशी सौ.ची किंकाळी ऐकू आली... चुकलो, ती उजवीकडे बसली होती, इथे चालक डावीकडे. बघा, अजूनही ती आठवण नीट जागेवर बसत नाही. किंकाळी आणि चाकांखाली खडीचा आवाज एकदमच आले. गाडी रस्ता सोडून कडेच्या खडीवर गेली होती. समोर कोणी नव्हते, कडेला उंट नव्हता, खड्डा नव्हता. गाडी थांबली. मी किती वेळ झोपलो होतो? दोन सेकंद म्हणा. ताशी १२० च्या वेगाला दोन सेकंदांत गाडी ६६ मीटर जाते. हे गणित मी नंतर केले.

हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत आलो आणि उजाडेपर्यंत गाडीतच पडून राहिलो. मुले झोपेत होती, त्यांना काही कळले नाही, असे आम्ही धरून चाललो.

सप्टेंबरात वर्ग सुरू झाला. ताईंनी मुलांना ‘माझी सुट्टी’ हा निबंध दिला आणि त्यातले चांगले निबंध या वार्तापत्रासाठी निवडले. त्यात आमच्या मुलीचाही होता. सलालाबद्दल चार ओळी होत्या: धबधबा, नारळ, धुके, लोबानाचा वास. गाडीबद्दल अर्धे पान होते. आणि त्यात एक वाक्य होते: "बाबा झोपले होते पण गाडी चालली होती."

मी ताईंना फोन करून विनंती केली की हे वाक्य तेवढे छापू नका. म्हटले, मुलांच्या मनात काहीबाही येते. ताईंनी काही विचारले नाही आणि वाक्य गाळले. जुने अंक ज्यांच्याकडे असतील त्यांना तो निबंध सापडेल. तो मधेच तुटल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे. ते वाक्य आज छापून येत आहे. ते तिचे आहे, माझे नाही, आणि छापण्यापूर्वी मी तिला विचारले आहे.

आता थोडे गणित, कारण माझी चूक झोपेत झाली नाही. ती आधी, घरी, गणितात झाली होती.

फोन जे तास सांगतो ते न थांबणाऱ्या गाडीचे असतात. त्या गाडीत कोणाला भूक लागत नाही, कोणाला उलटी होत नाही, आणि सीमेवर कोणी पासपोर्ट मागत नाही. चार वर्षांचे मूल असलेली गाडी वेगळी. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे, हे चालवणाऱ्यासाठी. मुलांसाठी त्याहून जास्त वेळा. मी हल्ली फोनच्या तासांत एक तृतीयांश मिळवतो आणि सीमेसाठी दोन तास वेगळे धरतो. ईदच्या आदल्या दिवशी निघणार असाल तर तेही पुरणार नाहीत. या हिशोबाने तेरा तासांचे किती झाले ते मुलांनी वहीत करून पाहावे. उत्तर एका दिवसात बसत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरात या बाजूला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ओमानच्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर अंधारात उंट येतात. उंटाचे पाय लांब, अंग उंच. गाडी पायांना धडकली की सगळे वजन काचेवर येते. म्हणून माझ्या मते सहलीचा दिवस सकाळी सातला सुरू व्हावा आणि गाडी अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला लागावी. मधल्या साडेदहा तासांत जे बसेल तेवढाच त्या दिवसाचा मार्ग.

मग चार दिवसांत काय बसते? गुरुवार ते रविवार अशी सुट्टी जुळली असे धरून सांगतो. गुरुवारी सकाळी निघून अल ऐनवरून मेझयादचा नाका ओलांडावा, इब्रीवरून निझवाला जावे. अंतर चारशेच्या आसपास. सीमा, नाश्ता, जेवण सगळे धरून दुपारी तीनच्या आत पोचता. त्या दिवशी आणखी काही पाहू नका. फारतर संध्याकाळी गावाजवळच्या फलज दारिसवर जा. फलज म्हणजे जमिनीखालून आणि पाटाने गावाला पाणी पुरवणारी जुनी व्यवस्था. पाण्याची पाळी घराघरांत वाटून घेतलेली असते, आपल्याकडे पाटाच्या पाण्याची असते तशी. असे पाच फलज २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यातला हा एक. मुलांना यादीशी काही देणेघेणे नसते. त्यांना पाण्यात पाय सोडून बसायचे असते, आणि सात तास गाडीत बसलेल्या मुलाला याहून चांगले काही देता येत नाही.

शुक्रवारी पहाटे लवकर उठा. निझवाला शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे बकऱ्या दोरीने धरून गोल फिरतात, घेणारे मधे आणि कडेला बसून भाव बोलतात. आमच्या मुलाला त्यातले काही कळले नाही आणि त्याने तो तासभर तोंड उघडे ठेवून पाहिला. मग किल्ला. तो इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकात बांधला. आत जिन्याच्या दारांवर भोके आहेत, त्यांतून चढून येणाऱ्या शत्रूवर खजुराचा उकळता पाक ओतत. खजुराच्या गोण्या रचून पाक गाळण्याची खोलीही तिथे दाखवतात. रायगड पाहिलेल्या मुलांना विचारा, आपल्याकडे वरून काय टाकत असतील. उत्तरे ऐकण्यासारखी येतात.

दुपारची नमाज झाली की जेवून मस्कतकडे निघावे. १६० किलोमीटर, चांगला रस्ता, दोन तास.

शनिवारी मस्कत. सकाळी सुलतान काबूस यांची मोठी मशीद. ती २००१ मध्ये खुली झाली. मुसलमान नसलेल्यांना तिथे सकाळी आठ ते अकरा आत जाता येते, आणि शुक्रवारी मुळीच नाही. म्हणजे उलट क्रमाने, आधी मस्कत आणि मग निझवा असे गेलात, तर शुक्रवारी सकाळी मशीद बंद आणि शनिवारी निझवाला बकऱ्या नाहीत. दोन्ही हुकतात. किलोमीटर तेवढेच, रस्ताही तोच. फक्त वार पाहिले नाहीत. मार्ग आखताना नकाशाशेजारी कॅलेंडर ठेवावे ते यासाठी. (मशिदीसाठी स्त्रियांनी डोके झाकायला ओढणी आणि सगळ्यांनीच हात-पाय झाकणारे कपडे घ्यावेत.)

संध्याकाळी मत्रा. समुद्राकाठचा रस्ता, जुना बाजार, आणि थोडे पुढे जुन्या मस्कतला बंदरावर जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले. ते पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधले. मुलांनो, वसईचा किल्ला पाहिला असेल तर हे तुमच्या ओळखीचेच लोक. मस्कतहून त्यांना १६५० मध्ये घालवले ते निझवाचा किल्ला बांधणाऱ्या त्याच सुलतान बिन सैफ यांनी. वसईहून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी. बाजारात पैसे मोजताना नाण्यांवर ‘बैसा’ दिसेल. तो आपला पैसाच. हजार बैसांचा एक रियाल. ओमानात १९७० पर्यंत खाडीचा रुपयाच चालत होता.

रविवारी परत. सोहारवरून हत्ताच्या बाजूने साडेचारशे किलोमीटर. त्या दिवशी सगळेच परततात, म्हणून सकाळी मस्कतमध्ये "एकच दुकान" पाहू नका. सातला निघा.

चारही दिवसांचे मिळून हजार किलोमीटर होतात. सलालाला एका बाजूने जायला याहून जास्त लागतात.

मला ठाऊक आहे, यावर काय येणार. "कासवे राहिली! सूरला एवढ्या जवळ जाऊन रास अल जिन्झची कासवे पाहायची नाहीत?" सूर मस्कतपासून दोनशे किलोमीटर पुढे आहे, रास अल जिन्झ त्याहून चाळीसेक. कासवे रात्री आणि पहाटे अंधारात पाहायची असतात. म्हणजे शेवटच्या दिवशी अपुऱ्या झोपेनंतर दुबईपर्यंत सातशे किलोमीटर. नको. कासवांसाठी वेगळी सुट्टी ठेवा. जबल अल अखदरचेही तेच: वर जायच्या रस्त्यावर पोलीस चौकी आहे, चारही चाकांना जोर असलेली गाडी नसेल तर परत पाठवतात. आपल्यापैकी निम्म्यांच्या गाड्या तशा नाहीत. खाली चौकीपाशी जाऊन मुलांना रडवण्यापेक्षा घरीच ठरवावे.

सलालाला गाडीने जाणारे सगळेच अविचारी असतात असे मी म्हणत नाही. आपल्या ओळखीचे एक कुटुंब दर दोन वर्षांनी जाते. पण ते आठ दिवस काढतात, नवरा-बायको दोघेही चालवतात, जाताना आणि येताना मधे मुक्काम करतात आणि खोली आधी घेऊन ठेवतात. तसे जमत असेल तर अवश्य जावे. नाहीतर दुबईहून विमानाने सुमारे दोन तासांत पोचता येते. चार जणांची तिकिटे महाग पडतात हे खरे. मी ती महाग म्हणूनच घेतली नव्हती.

कागदपत्रांचे थोडक्यात. गाडीच्या विम्यात ओमान धरले आहे का ते पाहावे, नसेल तर वाढवून घ्यावे. गाडी कर्जाची असेल तर बँकेचे पत्र, भाड्याची असेल तर कंपनीची परवानगी. पासपोर्टची मुदत सहा महिने हवी. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावेत.

पण माझे खरे भांडण कागदांशी किंवा सलालाशी नाही. ते त्या "चौदा तासांत पोचलो" शी आहे. आपण पुरुष मंडळी हे वाक्य पदकासारखे छातीवर लावतो. गणपतीच्या जेवणात सांगतो, वर्गाबाहेर सांगतो, आणि ऐकणारा मनात म्हणतो, मी तेरा तासांत जाईन. मागच्या सीटवर बसलेल्यांना कोणी विचारत नाही की ते चौदा तास कसे गेले. त्यांना विचारायची सोय आपल्याकडे दर सप्टेंबरात असते. निबंध वाचले की कळते.

आमच्या घरी आता मार्ग मुलगी आखते. ती आता उंचीने आईच्या बरोबरीला आली आहे. टेबलावर कागद पसरून ती प्रत्येक टप्प्यापुढे तास लिहिते, मग धाकट्याला विचारून थांबे लिहिते. हा थांबा कशाला, असे मी विचारायचे नाही असा नियम आहे. यंदाचा कागद तिने वर्गाच्या फळ्याशेजारी लावला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी प्रत काढून घ्यावी. त्यात खाली एक ओळ पेन्सिलने लिहिली आहे, ती पुसू नये: "अंधार पडला की बाबांनी किल्ली आईकडे द्यायची आणि आईने ती पर्समध्ये ठेवायची."